चापावरचे वजन

नवी वस्तू विकत घेणारा मनुष्य नुसती वस्तू विकत घेतो. जुनी वस्तू विकत घेणारा तिच्याबरोबर एक अर्धवट राहिलेली गोष्टही घरी आणतो. माझे हे मत एखादा अर्थशास्त्रज्ञ मान्य करणार नाही, याची मला कल्पना आहे. पण माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले, आणि त्यापुढचे जे काही मला येते ते रद्दीच्या दुकानांतल्या जुन्या पुस्तकांनी शिकवलेले आहे. तेव्हा निदान या विषयात तरी माझा थोडाफार अधिकार आहे. जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर कुणाचे तरी नाव असते, समासात कुणीतरी पेन्सिलीने 'साफ खोटे!' असे लिहिलेले असते, आणि एकशेबाराव्या पानात खूण म्हणून घातलेले एस. टी.चे तिकीट असते. एकशेतेराव्या पानाकडे तो का गेला नाही, हे काही त्या तिकिटावर छापलेले नसते. कादंबरी लिहिणाऱ्याला तेवढे भांडवल पुष्कळ होते.

आमच्या घरातली सायकल जुनी, शिवणयंत्र जुने, माझी बाजाची पेटी तर माझ्याहूनही जुनी. त्यामुळे जुन्या वस्तूची खरेदी ही आमच्याकडे नवलाई नव्हे. परंतु गेल्या वर्षी श्रावणात मी जी वस्तू घेतली तिचे नाव शिक्षकांच्या खोलीत उच्चारताच मधल्या सुटीतले सगळे डबे जागच्या जागी थांबले. मी एक जुने पिस्तूल विकत घेतले होते.

"मास्तर, दिवाळीला अजून अवकाश आहे," आमचे मुख्याध्यापक म्हणाले. "टिकल्या आत्तापासूनच आणून ठेवल्यात का?"

त्यांना काय सांगावे? टिकल्यांच्या पिस्तुलाशी माझ्या खरेदीचे नाते एवढेच, की दोन्ही मुलांसाठीच घेतात. ते पिस्तूल होते हवेच्या दाबावर चालणारे, दहा मीटर अंतरावरच्या नेमबाजीचे. आणि ते माझ्या धाकट्या लेकीसाठी होते.

कोल्हापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला कुस्तीचा आखाडा आणि तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. पण गेल्या काही वर्षांत या जिल्ह्याने नेमबाजीतही नाव काढले आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये रायफलीच्या नेमबाजीत जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१३ साली कोरियातल्या चांगवॉनला विश्वचषक स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्णपदक घेतले, आणि २०१८ च्या आशियाई खेळांत पुन्हा सुवर्ण. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे तर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून कांस्यपदक घेऊन आला, त्या दिवशी आमच्या शाळेत पेढे वाटताना माझीही ओंजळ दोनदा पुढे झाली. अशा जिल्ह्यात एखाद्या पोरीने 'बाबा, मला नेमबाजी शिकायचीय' म्हटले, तर बापाला नाही म्हणायला तोंड राहत नाही.

शिकवणीला ती गेली ती एका निवृत्त सुभेदारसाहेबांकडे. त्यांच्या केंद्रावर पिस्तुले तीन आणि पोरे अकरा. पाळी येईपर्यंत पोरांनी भिंतीशी बसून अभ्यास करायचा, असा त्यांचा दंडक. वर्षभरात माझ्या लेकीचे गणित सुधारले, पण नेम मात्र एका जागी थांबला. एके दिवशी सुभेदारसाहेबांनी मला बोलावून घेतले.

"मास्तर, पोरीचा हात चांगला हाय," ते म्हणाले. "पण मूठ दुसऱ्याची हाय. दुसऱ्याच्या चपलेत पळतीया ती."

नेमबाजीच्या पिस्तुलाची मूठ लाकडाची असते, पंजाच्या आकाराप्रमाणे कोरलेली. खाली तळहाताला टेकू देणारी एक फळी असते. ती वरखाली सरकवता येते. मूठ तळव्यात अशी बसावी लागते की डोळे मिटून हात उचलला आणि डोळे उघडले, तर माशी आपली आपण खाचेत दिसली पाहिजे. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो लहानसा उंचवटा. मूठ सैल असली तर दर खेपेला मनगट वेगळे वळते. आणि दहा मीटरवरच्या त्या कागदावर दहा गुणांचे वर्तुळ असते अवघे साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे माझ्या सदऱ्याच्या बटणाएवढे. एका हातात सुमारे एक किलोचे पिस्तूल तोलून, दुसरा हात खिशात घालून, ७५ मिनिटांत ६० वेळा त्या बटणाचा वेध घ्यायचा. हे ऐकल्यापासून मी मुलांच्या शुद्धलेखनाच्या वह्या जरा सौम्यपणे तपासू लागलो.

नवे पिस्तूल परदेशी. त्याची किंमत लाखाच्या वर. मी आकडा ऐकला, सुभेदारसाहेबांना नमस्कार केला आणि घरी आलो. रात्री ही म्हणाली, "अहो, आपली पेटी जुनी, यंत्र जुनं, सायकल जुनी. मग पिस्तूलच तेवढं नवं कशाला हवं?" काही काही बायका अर्थशास्त्र न शिकताच ते जाणतात.

दुसऱ्या दिवशी मी हाच प्रश्न सुभेदारसाहेबांना विचारला, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. जुन्या हत्यारांविषयी ते असे बोलू लागले, की जणू एखादा जुना गवई घराण्यांविषयी बोलतो आहे. जर्मनीतल्या फाइनवेर्कबाउ कारखान्याचे '६५' नावाचे पिस्तूल. त्यात स्प्रिंग होती आणि बाजूला ओढायचा दांडा होता. छर्रा सुटताना सगळी यंत्रणाच रुळांवरून मागे सरके, म्हणून हाताला धक्का जाणवत नसे. त्यानंतर कार्बन डाय-ऑक्साइडवर चालणारी पिस्तुले आली. पण तो वायू उन्हाळ्या-हिवाळ्याप्रमाणे आपला दाब बदलतो. म्हणून मग साधी हवाच दोनशे बारच्या दाबाने सिलिंडरमध्ये भरण्याची पद्धत रूढ झाली. ऑलिंपिकमध्ये दहा मीटर पिस्तुलाची स्पर्धा १९८८ साली सोलला सुरू झाली. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत पिस्तुलाने जे रूप घेतले, ते मूळच्या बांधणीत आजही फारसे बदललेले नाही.

"मग जुन्यात नि नव्यात फरक काय?" मी विचारले.

"रंग," सुभेदारसाहेब म्हणाले. "आणि बापाची झोप."

त्यांच्या मते हवेच्या पिस्तुलाची नळी सहसा झिजत नाही. छर्रा शिशाचा, मऊ. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. झिजतात ती रबराची कडी, आणि ती बदलता येतात. काही नव्या पिस्तुलांचा चाप विजेच्या मंडलावर चालतो. तो लोण्यासारखा सुटतो खरा, पण यंत्र ते यंत्रच. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचे पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडले, मोलाची मिनिटे दुरुस्तीत गेली आणि तिची अंतिम फेरी हुकली. तीच पोर २०२४ साली पॅरिसहून दोन कांस्यपदके घेऊन आली, ही गोष्ट वेगळी. ते तिच्या मनगटाचे आणि मनाचे बळ. मनगटाविषयी बोलताना सुभेदारसाहेब हटकून कारोली टाकाच या हंगेरियन नेमबाजाची कथा सांगतात. १९३८ साली हातबाँब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. तो गुपचूप डाव्या हाताने शिकला आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकांत पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकला. "हत्यार बदललं तर पोरं रडत्यात," सुभेदारसाहेब म्हणतात, "त्यानं हात बदलला!"

महिनाभराने त्यांनीच पत्ता काढला. पुण्यात एक घर होते. घरची मुलगी पूर्वी राज्यपातळीवर खेळलेली; पिस्तूल ऑस्ट्रियातल्या स्टायर कारखान्याचे, एलपी-१०, साध्या यांत्रिक चापाचे; २०११ साली घेतलेले. असे साडेचार मिलिमीटर नळीचे, कमी शक्तीचे हवेचे पिस्तूल आपल्याकडच्या नियमांप्रमाणे परवान्यावाचून बाळगता येते. तरी मूळ खरेदीची पावती आणि विक्रीचा रीतसर कागद झाल्याशिवाय हात लावायचा नाही, असे सुभेदारसाहेबांनी मला बजावले. सिलिंडर आदल्या दिवशी सकाळी भरून ठेवायला त्यांनी फोनवरून सांगितले होते. आम्ही पहाटेच्या एस. टी.ने निघालो. लेकीला मुद्दामच नेले नाही. वस्तू पसंत पडली नाही, तर तिचा हिरमोड नको.

दार उघडले ते मुलीच्या वडिलांनी. निवृत्त कारकून, अंगात स्वच्छ इस्त्रीचा सदरा. त्यांनी टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला आणि त्यावर पिस्तुलाची पेटी अशी ठेवली की जणू सत्यनारायणाचा चौरंग मांडताहेत. मुलगी तिशीच्या पुढची, बँकेत नोकरीला; अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. तिने पेटी उघडली, पिस्तूल रिकामे असल्याचे आम्हांला दाखवले, नळीत नारिंगी दोरी घातली आणि मगच ते टेबलावर ठेवले. आठ वर्षांत हात लावला नव्हता म्हणे; पण ती शिस्त हात विसरला नव्हता.

सुभेदारसाहेबांनी चष्मा लावला. प्रथम दाबमापक पाहिले: आदल्या दिवसाचा काटा तसाच उभा. मग नळी, मग खाच आणि माशी. मग त्यांनी खिशातून एक वजन काढले, पाचशे ग्रॅमचे, टोकाला आकडा असलेले. नियम असा आहे, की या पिस्तुलाचा चाप किमान पाचशे ग्रॅमचा भार सोसणारा हवा. त्याहून हलका असला तर स्पर्धेत चालत नाही. पिस्तूल तोंड वर करून उभे धरायचे, वजन चापाला अडकवायचे आणि सावकाश उचलायचे. वजन टेबलावरून उचलले गेले. चाप सुटला नाही. खोलीतले आम्ही चौघेही श्वास रोखून होतो, हे वजन खाली ठेवल्यावरच आमच्या लक्षात आले.

मग सिलिंडरे निघाली. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. बहुतेक कारखाने त्याचे आयुष्य दहा वर्षांचे सांगतात, आणि मुदत उलटलेले सिलिंडर वापरायचे नाही, ही जबाबदारी खेळाडूची. पहिल्या सिलिंडरची मुदत केव्हाच संपली होती. भरलेले होते ते दुसरे. त्यावर साल होते २०१८.

माझ्या हातात तेव्हा त्या मुलीची गुणांची वही होती. वडिलांनीच ती कौतुकाने पुढे केली होती. दर सरावाची तारीख, दर दहा नेमांची बेरीज, समासात बारीक अक्षरात 'चाप घाईने', 'खांदा वर', 'आज छान!'. शेवटची नोंद डिसेंबर २०१७ ची होती. त्यापुढची पाने कोरी.

वाचकहो, एकशेबाराव्या पानातले तिकीट मला अशा रीतीने पुन्हा सापडले. मुलीने खेळ सोडला २०१७ साली, आणि सिलिंडर २०१८ चे! म्हणजे ती थांबल्यावर कुणीतरी पदरमोड करून नवे सिलिंडर आणून ठेवले होते. मी वडिलांकडे पाहिले. ते टॉवेलाची घडी सारखी करत होते.

व्यवहार झाला. चहा झाला, चकली झाली. वडिलांनी पेटी माझ्या हातात देताना तिच्या झाकणावरून एकदा हात फिरवला. मुलगी आम्हांला सोडायला जिन्यापर्यंत आली. सुभेदारसाहेब पुढे उतरले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "सर, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग की."

"तुमच्या मुलीला याची किंमत सांगू नका."

मी नुसताच पाहत राहिलो.

"आमच्या बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून हे घेतलं होतं," ती म्हणाली. "त्यांचं काही चुकलं नाही हो. आकडाच त्यांना एवढा मोठा होता, की तो पोटात राहायचाच नाही. स्पर्धा चांगली झाली तरी 'चला, पैसे वसूल झाले.' वाईट झाली तरी तोच आकडा. पुढं पुढं मी हात उचलला की मला माशी दिसायचीच नाही. पतपेढीचं पासबुक दिसायचं."

मला राहवले नाही. म्हटले, "पण ते दुसरं सिलिंडर..."

"माहीत आहे मला," ती हसून म्हणाली. "त्याचीही किंमत सांगितली होती त्यांनी."

तिच्या हसण्यात कडवटपणा नव्हता. त्यामुळेच तर मला ते आजवर विसरता आले नाही. वरच्या मजल्यावर खिडकीत तिचे वडील उभे होते. आम्ही रिक्षात बसेपर्यंत ते हात हलवत होते. आमच्याकडे पाहून, की पेटीकडे पाहून, ते मी सांगू शकणार नाही.

परतीच्या एस. टी.त पेटी माझ्या मांडीवर होती आणि डोक्यात ते पाचशे ग्रॅम होते. नियम करणाऱ्यांनी चापाचे वजन किती ते ठरवून दिले आहे. पण बोट जेव्हा त्या चापावर पडते तेव्हा त्यावर आणखी काय काय लटकलेले असते! आईचे मोडलेले दागिने, बापाची थकलेली हप्त्याची पावती, शेजाऱ्यांचे 'काय, कुठपर्यंत आलं?' ही वजने तपासायला कुठल्याच पंचाकडे आकडा नसतो. आणि हे काय पिस्तुलाचेच आहे? मी अठरा वर्षे मुलांना शिकवतो आहे. परीक्षेच्या दिवशी पेन्सिल हलकी असते. तिच्यावर शिकवणीची फी बसलेली असते म्हणून पोरांची बोटे दुखतात.

घरी आलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. लेक जागीच होती. तिने पिस्तूल पाहिले, वहीही पाहिली. कारण ती वही मुलीने आपणहून पेटीत घालून दिली होती. पिस्तुलापेक्षा ती वहीच ती अधिक वेळ पाहत बसली. "बाबा, यांचे नेम माझ्यापेक्षा कितीतरी चांगले होते!" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मग यांनी सोडलं का?" मी म्हटले, "कोरी पानं शिल्लक आहेत, ती तू वापर." प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, हे तिलाही कळले असावे.

मूठ तिच्या पंजाला मोठी होती. मी पडलो चित्रकलेचा मास्तर. कानस आणि पॉलिश कागद माझ्या ओळखीचे. सुभेदारसाहेबांच्या नजरेखाली आठ-दहा रविवार मी ते अक्रोडाचे लाकूड जरा जरा घासले, जिथे पोकळ राहिले तिथे लाकडाची लुकण भरली. एका ठिकाणी अंगठ्याखाली जुन्या मालकिणीने भरलेली लुकण होती. तिथे माझ्या लेकीचा अंगठा नेमका बसला. तेवढी जागा मी तशीच ठेवली.

नेम धरण्याची रीत तिने मला समजावली, तेव्हा मी चाट पडलो. दरवर्षी मी वर्गात अर्जुनाची गोष्ट सांगतो: त्याला झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, फक्त पोपटाचा डोळा दिसतो. पिस्तुलाच्या नेमबाजीत हे चालत नाही! मनुष्याचा डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट पाहू शकतो. लक्ष्याकडे पाहिले की माशी अंधूक होते, आणि माशी इवलीशी कलली तरी दहा मीटरवर छर्रा कुठल्या कुठे जातो. म्हणून नजर माशीवरच हवी. लक्ष्याचे काळे वर्तुळ धूसरच दिसायला हवे. जे हवे आहे त्याच्याकडे पाहायचे नाही. जे हातात आहे ते नीट धरायचे. द्रोणाचार्यांनी या धड्याचे किती गुण दिले असते कोण जाणे.

आता रोज रात्री अभ्यास आटोपल्यावर ती माजघरातल्या पांढऱ्या भिंतीसमोर उभी राहते. छर्रा नाही, हवा नाही. नुसता चाप ओढण्याची सोय या पिस्तुलात आहे. सुभेदारसाहेबांनीच ही तालीम सांगितली. भिंतीवर लक्ष्य टांगायचे नाही, काही नाही. कोऱ्या भिंतीवर हात उचलायचा, माशी पाहायची, बारीक 'टिक्' असा आवाज, आणि हात खाली. त्या अर्ध्या तासात गुण नसतात. ही स्वयंपाकघरात भांडी आवरते, मी वह्या तपासतो आणि मधून मधून तो आवाज येत राहतो. जिल्ह्याची पहिली स्पर्धा खेळून ती आली, तेव्हा आम्ही दोघांनी आधीच ठरवल्याप्रमाणे एकच विचारले, "जेवायला वाढू का?" तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या. वहीत काय लिहिले ते तिचे तिला ठाऊक.

किंमत तिने एकदा विचारली होती. मी म्हटले, "जुनंच तर आहे." ती माझ्याकडे संशयाने पाहत राहिली, आणि मी घाईघाईने वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, एवढे सगळे सांगितलेत, पण पिस्तूल केवढ्याला पडले आणि पैसे कुठून उभे केलेत, ते काही सांगितले नाहीत. तुमचे म्हणणे खरे आहे. पण काय करू? दिवाळी अंक घरात आला, की चकलीच्या तेलकट हातांनी तो सगळ्यांत आधी तीच उघडते.